हम्मुराबीच्या कायद्यांविषयी लिहिताना या चुका टाळा

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात सुमारे सव्वादोन मीटर उंचीचा एक काळा शिलास्तंभ आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी (इ.स.पू. सुमारे १७९२ ते १७५०) याचे कायदे त्यावर अक्कडी भाषेत कोरलेले आहेत. निबंधांत, स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत आणि भाषणांत या स्तंभाविषयी तीच दोन-तीन वाक्ये वर्षानुवर्षे उतरवली जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांतील चुकाही उतरत जातात. प्राचीन कायद्यांचा मानवी संस्कृतीवर काय परिणाम झाला, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. म्हणूनच त्याचे उत्तर चुकीच्या पायावर उभे राहू नये असे वाटते.

‘जगातील पहिला कायदा’

हे विशेषण काढून टाकावे. उर नगरीच्या उर-नम्मू राजाच्या नावाने ओळखले जाणारे सुमेरी कायदे हम्मुराबीपेक्षा सुमारे तीन शतकांनी जुने आहेत आणि इसिन नगरीच्या लिपित-इश्तार राजाचे कायदेही त्याच्या आधीचेच आहेत. उर-नम्मूचे कायदे कोरलेली मातीची वीट सुमेरी भाषेचे अभ्यासक सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी १९५२ मध्ये वाचली. त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकांत हा मान हम्मुराबीला मिळाला असेल तर नवल नाही, परंतु आज त्या पुस्तकांवर विसंबून लिहिणे योग्य नव्हे. ‘प्राचीन मेसोपोटेमियातील सर्वांत मोठा आणि उत्तम स्थितीत टिकलेला कायदेसंग्रह’ असे लिहिले तर ते अचूक ठरते.

ही चूक केवळ सनावळीची नाही. उर-नम्मूच्या कायद्यांत शारीरिक इजेसाठी चांदीच्या रूपात भरपाई सांगितली आहे. एश्नुन्ना या नगरराज्याच्या कायद्यांतही डोळा फोडल्यास एक मिना (सुमारे अर्धा किलो) चांदी द्यावी असे आहे. म्हणजे दंडाची पद्धत जुनी आहे आणि डोळ्यास डोळा ही शिक्षा तिच्यानंतर आलेली दिसते. ‘माणूस आधी सूड घेत असे, पुढे सुधारला आणि भरपाई घेऊ लागला’ ही सोपी चढती कमान हे पुरावे मोडून काढतात.

अर्धेच उद्धृत केलेले वाक्य

‘डोळ्याच्या बदल्यात डोळा, दाताच्या बदल्यात दात’ एवढेच लिहून थांबणे ही सर्वांत जास्त आढळणारी आणि माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे. आजच्या गणनेनुसार १९६ ते २०१ ही कलमे सलग वाचावीत. प्रतिष्ठित स्वतंत्र नागरिकाने, म्हणजे अवीलुमने, आपल्या बरोबरीच्या माणसाचा डोळा फोडला तर त्याचा डोळा फोडावा, असे पहिले कलम सांगते. तोच डोळा मुश्केनुम या खालच्या थरातील माणसाचा असेल तर एक मिना चांदी दिली की प्रकरण मिटते, आणि गुलामाचा असेल तर त्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम पुरते. दाताचेही असेच आहे. मुश्केनुमच्या दातासाठी मिनाचा तिसरा हिस्सा सांगितला आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याचे मानधनसुद्धा रुग्णाच्या दर्जानुसार दहा, पाच किंवा दोन शेकेल (चांदीचे लहान वजन) असे ठरलेले होते.

तेव्हा हे सूत्र समतेचे म्हणून मिरवणे जसे चूक, तसेच ते निव्वळ रानटीपणाचे म्हणून हिणवणेही चूक आहे. याच स्तंभावर असेही कलम आहे की पुराने किंवा पाण्याअभावी पीक गेले तर कर्जदाराने त्या वर्षी धान्य देऊ नये आणि त्या वर्षाचे व्याजही भरू नये. कर्जापायी कामाला जुंपलेल्या बायकामुलांना तीन वर्षांनंतर, चौथ्या वर्षी सोडावे, असे आणखी एक कलम सांगते. नापिकी आणि सावकारी ज्या वाचकाने जवळून पाहिली आहे, त्याला ही कलमे डोळ्यादातांच्या कलमांपेक्षा अधिक बोलकी वाटतील.

२८२ कलमे आणि ‘गाळलेले’ तेरावे

मूळ शिलालेखात कलमांना क्रमांक नाहीत. एलामचा राजा शुत्रुक-नाहुन्ते याने इ.स.पू. बाराव्या शतकात हा स्तंभ लुटून आजच्या इराणमधील सूसा येथे नेला आणि त्याच्या दर्शनी बाजूचे काही रकाने घासून टाकले गेले. फ्रेंच उत्खननात १९०१-०२ मध्ये स्तंभ सापडल्यावर फादर जाँ-व्हँसाँ शेइल यांनी मजकूर वाचून, नष्ट झालेल्या कलमांचा अंदाज बांधून क्रमांक दिले. २८२ हा आकडा तेथून आला आहे. तेरा अशुभ म्हणून राजाने तेरावे कलम गाळले, ही समाजमाध्यमांवर फिरणारी कथा एका इंग्रजी भाषांतरात तो क्रमांक सुटल्यामुळे जन्माला आली. क्रमांकच नव्हते, तेथे तेरावा गाळणार कसा?

स्तंभाच्या माथ्यावर सिंहासनावर बसलेला देव म्हणजे सूर्य आणि न्याय यांचा देव शमश आहे. तो राजाच्या हाती कायदे सोपवत नसून कडे आणि दंड ही राजचिन्हे पुढे करत आहे. कायदे आपण दिले, असे हम्मुराबी स्वतःच म्हणतो.

स्तंभ म्हणजे दंडसंहिता नव्हे

‘बाबिलोनमध्ये घर कोसळून मालक मेला की बांधणाऱ्याला मारत असत’ असे वाक्य लिहिण्याआधी थांबावे. तसे स्तंभावर लिहिले आहे, एवढेच आपण खात्रीने म्हणू शकतो. त्या काळातील निवाड्यांच्या आणि करारांच्या असंख्य मातीच्या विटा उपलब्ध आहेत, परंतु स्तंभावरील अमुक कलमाच्या आधारे अमुक निकाल दिला, अशी पद्धत त्यांत दिसत नाही. ‘जर असे घडले, तर असे करावे’ ही कलमांची रचना शकुनांच्या आणि वैद्यकाच्या तत्कालीन लेखांतही आढळते. म्हणून हा राजाच्या न्यायबुद्धीचे नमुने मांडणारा विद्वत्तापूर्ण लेख असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. याउलट कर्जमाफीचे राजादेश प्रत्यक्ष लागू होत असत; हम्मुराबीनंतरचा चौथा राजा अम्मी-सदुका याचा असा आदेश उपलब्ध आहे. त्यामुळे ‘असे करत असत’ याऐवजी ‘स्तंभावर असे सांगितले आहे’ ही शब्दयोजना करावी.

‘आजचे सर्व कायदे यातूनच निघाले’

प्रभावाचे विधान करताना वाट दाखवता आली पाहिजे. एकाच्या बैलाने दुसऱ्याचा बैल मारला तर जिवंत बैलाची किंमत आणि मेलेल्या बैलाचे मांस दोघांनी वाटून घ्यावे, असा नियम एश्नुन्नाच्या कायद्यांत आहे आणि बायबलच्या निर्गम या पुस्तकातही आहे. इतके बारीक साम्य योगायोगाने येत नाही. पश्चिम आशियातील समान विधिपरंपरेचा तो पुरावा आहे. परंतु रोमचा प्राचीन लिखित कायदा असलेली द्वादशपट्टिका (इ.स.पू. ४५१-४५०) बाबिलोनमधून आली, असे सांगायला अशी वाट सापडत नाही, आणि सूसाच्या मातीत गाडलेला स्तंभ वाचून युरोपात कोणी कायदा केला असणेही शक्य नव्हते.

वाट कशी असते हे पाहायचे असेल तर गोव्याचे उदाहरण घ्यावे. रोमन कायद्याचे संकलन सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात करवून घेतले, मध्ययुगात इटलीच्या विद्यापीठांत त्याचे अध्ययन झाले, त्यातून १८०४ ची नेपोलियनची संहिता घडली आणि तिच्या प्रभावाखाली १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आली. पती-पत्नीच्या समाईक मालमत्तेचे आणि वारसांच्या राखीव हिश्शाचे तिच्यातून आलेले नियम गोव्यातील कुटुंबे आजही पाळतात.

उलट टोकाची चूकही टाळावी. एखाद्या ग्रंथाचा प्रभाव केवळ न्यायालयातल्या वापरावरून मोजता येत नाही. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा पाणवठा, पंगत आणि विवाह यांवर चालणारी तिची सत्ता हाच विषय होता. हम्मुराबीच्या मजकुराचा प्रभावही असाच न्यायदालनाबाहेर, लेखनिकांच्या पाठशाळांत शोधावा लागतो. तेथे तो हजार वर्षांहून अधिक काळ गिरवला जात होता, आणि त्याच्या प्रती निनवे येथील असीरियाचा राजा असुरबनिपाल याच्या ग्रंथालयातही मिळाल्या आहेत.