बुजऱ्या घोड्याचा खुराक कसा बदलावा

सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला घोडा नव्या तबेल्यात सतत बुजत असेल, तर आधी त्याचा खुराक तपासावा. बाजरी किंवा जवाचा भरलेला तोबरा देऊन वैरणीत काटकसर केली, की रिकाम्या जठरात आम्ल साचते आणि घोडा अधिकच चिडचिडा होऊ शकतो. म्हणून ३५० किलो वजनाच्या घोड्याला दिवसाकाठी ५ ते ७ किलो कोरडी वैरण विभागून द्यावी आणि रपेटीपूर्वी थोडा लसूणघास (ल्यूसर्न हा चारा) द्यावा, कारण त्यातील कॅल्शियममुळे आम्लाची तीव्रता कमी होते. दाणा मात्र आठ-दहा दिवसांत हळूहळू घटवावा. एकदम बदल केल्यास पोटशूळ उठण्याचा धोका असतो. घोडा शांत व्हावा म्हणून दिली जाणारी मॅग्नेशियमची महागडी पूड मुळात त्याची कमतरता असेल तरच उपयोगी पडते, त्यामुळे ती पशुवैद्यकाला विचारूनच द्यावी.