घरी केअरटेकर मावशी ठेवताना पहिला आठवडा कसा काढायचा

आधी हे नक्की करा की तुम्हाला सिस्टर हवीय का मावशी. नाकातली फीडिंगची नळी, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, जखमेचं ड्रेसिंग, इंजेक्शन यातलं काही असेल तर एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली सिस्टरच लागते, आणि तिचं नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन सरळ दाखवायला सांगायचं, त्यात संकोच कसला. अंघोळ, कपडे, जेवण, संडास-बाथरूमला धरून नेणं, संध्याकाळी सोसायटीत चार पावलं चालवणं एवढंच असेल तर अनुभवी मावशी पुरतात.

मावशी पुरवणाऱ्या ब्युरोशी फोनवरच सगळं मिटवून घ्या: 12 तास का 24 तास, आठवड्याची सुट्टी कधी, मावशी नाही जमल्या तर बदली मावशी किती दिवसात, आणि तुम्ही भराल त्यातले मावशींच्या हातात किती पडतात. हा शेवटचा प्रश्न मी दरवेळी विचारते, कारण हातात फारच कमी पडत असेल तर चांगली मावशी टिकत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला सारखे नवे चेहरे झेपत नाहीत. आधार कार्डाची कॉपी घ्या, पोलीस व्हेरिफिकेशन करा, दागिने मावशी यायच्या आधी लॉकरमध्ये ठेवा. इथपर्यंत सगळं सोपं आहे.

खरी अडचण म्हणजे आई किंवा बाबांनी मावशींना अंगाला हात लावू देणं. माझ्या सासूबाईंच्या वेळी मला सगळ्यात जड गेलं ते हेच, आणि नंतर नात्यात, ओळखीत जिथे जिथे मावशी लावून दिल्या तिथेही गाडी इथेच अडली. याच्यावर जो सल्ला सर्रास मिळतो ना, की "सांगा स्वयंपाकाला बाई ठेवलीय, होईल हळूहळू सवय", तो अजिबात ऐकू नका. ज्या दिवशी ती स्वयंपाकाची बाई बाथरूममध्ये हात धरायला येते त्या दिवशी खोटं उघडं पडतं, मग मावशींवरचा विश्वास जातो आणि तुमच्यावरचाही. खरं सांगा. "आई, तू बाथरूममध्ये पडशील ही धास्ती मला ऑफिसात बसू देत नाही, माझ्यासाठी ठेवतेय" हे म्हटलं की बहुतेक आया ऐकतात, "तुझ्यासाठी ठेवतेय" म्हटलं की "मला काय धाड भरलीय" म्हणून मोकळ्या होतात. आणि ठरवायचं काहीतरी त्यांच्या हातात ठेवा, अंघोळ चहाच्या आधी का नंतर, मावशींना हाक काय मारायची, दुपारी टीव्ही किती वाजता, हे त्यांनाच ठरवू द्या.

पहिले तीन-चार दिवस रजा काढाच. मावशी सकाळी आठला आल्या आणि तुम्ही सव्वाआठला बाहेर पडलात असं करायचं नाही. पहिल्या दिवशी मावशींनी अंगाचं एकही काम करायचं नाही, नुसतं बसायचं, भाजी निवडायची, गाव कुठलं, मुलं किती अशा गप्पा मारायच्या. दुसऱ्या दिवशी अंघोळ तुम्ही घाला आणि मावशी फक्त पाणी काढून देतील. तिसऱ्या दिवशी पाठ मावशी चोळतील आणि बाकीचं तुम्ही. मग एकेक काम त्यांच्याकडे सरकवत तुम्ही बाथरूमच्या दाराशी या, मग दाराबाहेर. ज्यांना घाई झाली त्यांच्याकडे आठवड्यात "उद्यापासून हिला येऊ देऊ नका" झालेलं मी पाहिलंय.

अंघोळ कशी घालायची तेही तुम्हीच दाखवा. पाट नको, पाय न घसरणारी प्लास्टिकची खुर्ची घ्या, कारण पाटावरून उठताना गुडघे साथ देत नाहीत. भिंतीला पकडायला दांडा बसवून घ्या, टॉवेल रॉड धरून उठू देऊ नका, तो निखळतो. पाण्यात आधी मावशींनी हात घालून बघायचा, मग पहिला तांब्या पायावर, एकदम डोक्यावर नाही. आणि मांडीवर एक मोठा पंचा कायम राहू दे, त्याच्या खालून धुता येतं. आयुष्यभर पदर न ढळू दिलेल्या बाईला परक्या माणसासमोर उघडं बसवलं की ती ओरडते, मारते, आणि मग आपण म्हणतो स्वभाव चिडका झालाय. बाबा असतील तर आधी पुरुष अटेंडंट मिळतोय का बघा, बरीच भांडणं तिथेच संपतात.

विसराळूपणाचा आजार असेल तर "ही कोण बाई?" रोज होणार. वाद घालू नका, मावशींनी समोरून यायचं, खाली बसून नाव सांगायचं, मग हात लावायचा. "माझी बांगडी हिने घेतली" हेही होणार, आणि दागिने आधीच लॉकरमध्ये असले की तुम्हाला मनातून खात्री असते. मावशींना तिथल्या तिथे फैलावर घेऊ नका, सगळ्यांनी मिळून शोधा, उशीच्या अभ्र्यात, डाळीच्या डब्यात बघा.

पण प्रत्येक तक्रार भ्रम म्हणून उडवूही नका. दंडावर बोटांचे वळ, मावशी जवळ आल्या की अंग चोरणं, हे दिसलं तर न सांगता भरदुपारी घरी या. कॅमेरा हॉलमध्ये चालेल, मावशींना सांगून, पण कपडे बदलायच्या खोलीत नाही. मारहाणीची शंका असेल तर मावशींना त्याच दिवशी थांबवा, पोलिसांना कळवा, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 ही टोल-फ्री हेल्पलाइन आहे, तिथे सल्ला मिळतो.

बाकी थोडक्यात. गोळ्यांचा आठवड्याचा डबा तुम्हीच भरा. एक वही ठेवा, जेवण, पाणी, लघवी, संडास, झोप रोज लिहायचं, मावशींना लिहिता येत नसेल तर संध्याकाळी विचारून तुम्ही लिहा. मावशींचं जेवण घरच्यांसारखंच, आणि 24 तासवाल्या असतील तर त्यांना झोपायला नीट जागा आणि दुपारी दोन तास सुट्टे द्या.

त्यांच्या सुट्टीच्या दिवशी शक्यतो बदली मागवू नका, अंघोळ तुम्ही घाला. पाठ, माकडहाड, टाचा उजेडात बघून घ्या. कुठे लाल डाग असेल तर बोटाने दाबून बघा, दाबल्यावर फिका पडत नसेल तर तो चोळू नका, त्या कुशीवर झोपवू नका आणि डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.