पीएसपीची लक्षणं ओळखताना या चुका टाळा

‘हात थरथरत नाहीत, म्हणजे पार्किन्सन्स नाही. वय झालंय, पडणारच!’ फिजिओथेरपी करताना हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, म्हणजे पीएसपी, हा पार्किन्सन्ससारखा वाटणारा मेंदूचा आजार लाखात पाच-सात जणांना होतो, बहुधा साठीनंतर. १९६४ साली स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की या डॉक्टरांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. तरी आजही तो वर्षानुवर्षं ‘म्हातारपण’ या नावाखाली खपतो.

माणूस पडला की सगळे हाड मोडलंय का तेवढं बघतात. तो कसा पडला, हे कुणी विचारत नाही. पीएसपीत तोल लवकर जायला लागतो, आणि बहुतेकदा मागे. ना चक्कर, ना ठेच. उभा माणूस ओंडक्यासारखा आडवा. पार्किन्सन्समध्ये सुरुवातीलाच असं पडणं सहसा होत नाही. म्हणून मी घरच्यांना एक वही ठेवायला लावते: कधी पडले, कुठल्या दिशेला, तेव्हा काय करत होते.

दुसरी चूक चष्म्याची, आणि हिचा मला खरा राग आहे. एका निवृत्त कारकुनांचे चष्म्यावर चष्मे बदलले, मग मोतीबिंदूही काढला. तक्रारी त्याच: जिना उतरताना पायरी दिसत नाही, ताटातलं अंगावर सांडतं, वाचताना ओळ सुटते. तपासणीचा तक्ता मात्र घडाघडा वाचायचे. वाचणारच, तो समोरच्या भिंतीवर असतो! मी पेन धरलं आणि मान न हलवता त्याच्याकडे बघत राहायला सांगितलं. पेन गुडघ्यापर्यंत उतरलं, बुबुळं जागची हलली नाहीत. मग माझ्या नाकावर नजर रोखायला सांगून त्यांची मान हळूच मागे झुकवली, तर बुबुळं अलगद खाली सरकली. म्हणजे डोळ्यांचे स्नायू शाबूत होते, मेंदूचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. बायको म्हणाली, “यांनी पेपर सोडला तेव्हा मला वाटलं, कंटाळा आला असेल.”

(मान झुकवायचा प्रयोग घरी करू नका. मान आधीच ताठ असते.)

टाळ्यांच्या चाचणीचंही तेच. तीन टाळ्या वाजवा म्हटलं की काही रुग्ण थांबतच नाहीत, हे खरं. पण ते इतर आजारांतही दिसतं. व्हिडिओ बघून वडिलांना टाळ्या वाजवायला लावणाऱ्या उतावळ्यांनी त्यापेक्षा वडिलांच्या चालण्याचा, वळण्याचा आणि खुर्चीतून उठण्याचा व्हिडिओ काढून न्यूरोलॉजिस्टना दाखवावा.

लेव्होडोपाने (पार्किन्सन्सवरच्या औषधाने) फरक पडत नाही म्हणून गोळ्या मनानेच वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका. औषधाला दाद न मिळणं हीसुद्धा डॉक्टरांना हवी असलेली माहिती आहे.

एमआरआय नॉर्मल आला म्हणून पेढे वाटू नका. मध्यमेंदू आकसल्याची हमिंगबर्ड पक्ष्यासारखी आकृती सुरुवातीला नसूही शकते.

गप्प राहणं, कशातच रस न वाटणं याला नुसतं नैराश्य समजू नका.

आणि पाणी पिताना ठसका लागतोय? तिथे वाट बघू नका. अन्न-पाणी श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया या आजारात जीव घेतो. गिळण्याची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या.