जुन्या हार्लेच्या सीट-पोस्टचा ढिला बुश

हार्ले डब्ल्यूएलए या दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी मोटरसायकलची सीट खडखडत असेल, तर पोस्ट, म्हणजे फ्रेमच्या नळीत वरखाली होणारा सीटखालचा दांडा, काढून मायक्रोमीटरने काटकोनात दोन मापं घ्या. एका बाजूने झिजून गोल दांडा लंबगोल होतो. तसं झालं असेल, तर नुसता बुश (दांडा ज्यातून सरकतो ती नळीतली धातूची बाही) बदलून उपयोग नाही. आधी दांड्यावर हार्डक्रोम (क्रोमचा कडक मुलामा) आणि मग घासून गोल मापात आणायला ग्राइंडिंग.

फटीत पत्र्याची पट्टी कोंबू नका, ती सरकते आणि पोस्टला चरे पाडते.

मी लेथवर गनमेटलचा (काशासारख्या मिश्रधातूचा) बुश करून घेतला, बाहेरचा व्यास नळीच्या भोकापेक्षा ०.०४ मिमी जास्त. हातोडा टाळून आट्यांचा रॉड, जाड वायसर आणि नट लावून तो ओढून बसवला. बसताना आतलं भोक आवळतं, म्हणून रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) नंतरच, पोस्ट आणि बुशमध्ये मोकळीक ०.०६ मिमी. ग्रीस लावलेली पोस्ट स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरली पाहिजे. मध्येच अडली, तर पुन्हा रीमर.