मटण डोळसपणे कसं घ्यावं आणि कसं खावं

आम्ही धाराशिव जिल्ह्यात उस्मानाबादी शेळ्या पाळतो. काळी, लोंबत्या कानांची ही जात बोरी-बाभळीच्या पाल्यावर तग धरते आणि बऱ्याचदा जुळी देते. आमचं घर याच बोकडांवर चालतं, तेव्हा मटण सोडा असं मी सांगणार नाही. पण ताटात काय पडतंय ते खाणाऱ्याला कळायलाच हवं.

१. आधी जनावराची चौकशी करा

बोकड कुठला, वय किती आणि शेवटचं औषध कधी दिलं, हे विचारा. साधारण वर्षभराचा बोकड मांसाला उत्तम. औषधाचा प्रश्न मात्र सगळ्यात महत्त्वाचा. पावसाळ्यात शेळ्यांना जंत होतात, जंतनाशक पाजावं लागतं. आजारी पडल्या तर प्रतिजैविकंही द्यावी लागतात. औषध दिल्यावर ठरावीक दिवस जनावर कापायचं नसतं, नाहीतर त्याचा अंश मांसात उरतो. किती दिवस, ते औषधागणिक बदलतं. आमच्या वहीत प्रत्येक शेळीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, औषधाचं नाव, दिल्याची तारीख आणि विकायला मोकळी होण्याची तारीख, असे चार रकाने आहेत. थेट गोठ्यावरून बोकड घेत असाल, तर अशी वही बघायला मागा. चांगला पाळणारा ती आनंदाने दाखवतो.

२. दुकानात नजर ठेवा

शहरात एवढी चौकशी जमत नाही. तिथे पालिकेच्या कत्तलखान्याचा शिक्का पाहा. कापण्याआधी आणि नंतर पशुवैद्यकाने तपासल्याची ती खूण. बोकडच आहे हे दिसावं म्हणून बरेच खाटीक शेपटी तशीच ठेवतात. मांस लालसर आणि घट्ट हवं, बोटाने दाबलं की खळगा भरून यायला हवा. चिकट लागलं किंवा आंबूस वास आला तर घेऊ नका. धुळवडीच्या, गटारीच्या गर्दीत हे बघायला सवड मिळत नाही, म्हणून त्या दिवशी ओळखीच्याच खाटकाकडे जा.

३. किती खायचं ते ठरवा

१०० ग्रॅम कच्च्या, बिनहाडाच्या, बिनचरबीच्या मटणात साधारण २० ग्रॅम प्रथिनं आणि २-३ ग्रॅमच चरबी असते. बोकडाची चरबी मुख्यतः गुर्द्याभोवती आणि आतड्यांवर साठते, त्यामुळे ती वेगळी काढता येते. खाटकाला तसं सांगा. शिवाय बी-१२ मिळतं, आणि मटणातलं लोह भाजीतल्यापेक्षा अंगी चांगलं लागतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं, आणि त्यात बोकडाचं मांसही येतं. सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस तर थेट कर्करोगकारक गटात आहे. जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आहे की लाल मांस आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅमपर्यंतच ठेवावं. चौघांच्या घरात रविवारी हाडांसकट अर्धा किलो आणलं, तर माणशी सव्वाशे ग्रॅम कच्चं येतं. मर्यादेच्या पुष्कळ आत. अशा घराने घाबरू नये. आठवड्यातून तीन-चारदा ढाब्यावर मटण थाळी खाणाऱ्याने मात्र हिशेब करावा.

४. शिजवताना

कापल्यावर काही तासांत मांस आखडतं आणि तेव्हा शिजवलं तर चिवट राहतं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, मऊ होईल. काळा मसाला हवा तेवढा घाला, पण तर्रीसाठी वाटीभर तेल ओतू नका. चरबी काढून मिळवलेलं सगळं तिथे जातं. सोबत ज्वारीची भाकरी, कांदा आणि लिंबू घ्या, चहा तासाभराने.

५. कोणी जपावं

गरोदर बाईने कलेजी टाळावी, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं. युरिक अॅसिड वाढलेल्यांनी कलेजी, गुर्दा आणि अळणी सूप कमी करावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.