वणवा गेलेल्या बागेत लगेच कुदळ नको

शिमग्याच्या सुमारास सड्यावरचं, म्हणजे कातळपठारावरचं गवत वाळून खडखडीत होतं आणि एका बिडीच्या थोटकानं अख्खी काजूची बाग जाते. हे जुनंच, पण हल्ली उन्हाळा लवकर चढतो. फेब्रुवारी 2023 मध्ये देशाचं सरासरी कमाल तापमान 1901 पासूनच्या नोंदींत सर्वाधिक होतं, आणि पाठोपाठ मार्चमध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यासह ठिकठिकाणी वणवे लागले. तेव्हा जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून केलेला मोकळा पट्टा, जानेवारीतच काढा. उताराच्या खालच्या अंगाला ती जास्त रुंद हवी, आग चढणीला धावते.

बाग होरपळलीच, तर कोयता घेऊन धावू नका. साल जराशी खरवडून बघा. आत हिरवं, ओलसर असेल तर झाडात जीव आहे. पावसात फूट कुठून येते ते बघूनच छाटा, कापलेल्या जागी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा. पानं गेल्यामुळे खोडावर थेट ऊन येतं, म्हणून चुन्याचा हात आत्ताच द्या.

"राख पडली, खत झालं" हे अर्धंच खरं. राखेतून पालाश आणि चुना मिळतो, आपल्या आंबट जांभ्या मातीला तो थोडा मानवतोही. पण पातेऱ्यातलं, म्हणजे खाली पडलेल्या वाळक्या पाल्यातलं, बरंचसं नत्र धुरासोबत जातं, आणि उतारावरची राख मृगाच्या पहिल्या सरींत ओढ्याला लागते. पहिल्या पावसात रान हिरवंगार दिसतं, त्यावर जाऊ नका. वरचेवर जळणाऱ्या रानात साग, पळस मुळापासून पुन्हा फुटतात. जांभूळ-हिरड्याची कोवळी रोपं मात्र टिकत नाहीत.

जळक्या जमिनीवर तांब्याभर पाणी ओता. थेंब गोळ्यांसारखे वरच राहिले, तर जळलेल्या पाल्यातल्या मेणचट अंशानं माती पाणी पीत नाही असं समजा. अशा ठिकाणी उताराला आडव्या पट्ट्यांत, तेही दंताळ्यानं हलकंच खरवडा. जेसीबी तर नकोच, उरलीसुरली माती सुटते. अर्धवट जळलेल्या फांद्या उताराला आडव्या टाका, दगडांनी दाबा. जूनमध्ये त्यांच्या वरच्या बाजूला गिरीपुष्पाच्या काठ्या रोवा. निदान एक पावसाळा गुरं-शेळ्या आत सोडू नका, नव्या फुटीवर त्यांचा डोळा असतोच.

मोकळ्या जागेत रानमोडी आणि घाणेरी ही तणझुडपं हमखास घुसतात. श्रावणात माती ओली असतानाच ती मुळासकट उपटा. रानमोडी दिवाळीनंतर फुलते, बी वाऱ्यावर पसरतं आणि वाळलेली झुडपं पुढच्या वणव्याला सरपण होतात.