अडुळशाच्या पानांचा रस कसा काढावा

अडुळशाची ताजी पाने पाट्यावर कितीही वाटली, तरी हाती चमचाभरही रस लागत नाही आणि मग पुष्कळजण मिक्सरमध्ये पाणी घालून तो वाढवतात. माझ्या मते ही पानांची नासाडीच आहे. पाने आधी वाफवली, तर ती मऊ पडून रस सहज सुटतो. आयुर्वेदात यासाठी पुटपाकाची रीत सांगितली आहे: वाटलेली पाने दुसऱ्या मोठ्या पानांत गुंडाळून, वरून मातीचा जाड लेप देऊन तो गोळा विस्तवात भाजायचा आणि मग आतला पाला पिळायचा. घरी हेच काम मोदकपात्रात होते.

झुडूप मात्र नीट ओळखावे. समोरासमोर येणारी, भाल्याच्या पात्यासारखी टोकदार पाने, चुरगळल्यावर येणारा उग्र वास आणि जांभळट रेषा असलेली दोन ओठांची पांढरी फुले, ही अडुळशाची खूण होय. या फुलाच्या उघड्या जबड्यामुळेच संस्कृतात त्याला सिंहास्य म्हटले आहे. काळा अडुळसा हे वेगळे झुडूप असून त्याची पाने अरुंद आणि देठ जांभळट असतात.

रस्त्याकडेची धूळ बसलेली पाने टाळून दहा-बारा जून, हिरवी पाने धुवावीत, आठ-दहा मिनिटे वाफवावीत, खलबत्त्यात कुटून स्वच्छ फडक्यातून पिळावीत आणि रस पूर्ण निवल्यावरच त्यात मध घालावा. मोठ्या माणसासाठी १० ते २० मिलिलिटर हे ताज्या रसाचे रूढ प्रमाण आहे. घट्ट कफाच्या खोकल्यावर हा रस देण्यामागे पानांतील व्हॅसिसीन हे द्रव्य आहे. कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सीन हे औषध त्याच्याच अभ्यासातून घडले.

गर्भवतीने हा रस मुळीच घेऊ नये, कारण त्याने गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते. वर्षाच्या आतील बाळाला तर मधही चालत नाही. थुंकीतून रक्त पडत असेल किंवा खोकला दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळला असेल, तर जुन्या काळी अशा रक्तावर अडुळसाच देत असले तरी, आज आधी डॉक्टरांकडे जाऊन क्षयाची तपासणी करून घ्यावी.

ताजी पाने हाताशी असावीत म्हणून पावसाळ्याच्या आरंभी वीतभर लांबीची जून फांदी कुंपणालगत खोचावी. शेळ्या या कडू पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे तिला वेगळी राखण लागत नाही.